रुळाच्या भोकातली चांदणी: नागपूरजवळच्या कोळसा साइडिंगवरचे ९२ सांधे

प्रकरण नमुन्याचं आहे. नागपूर जिल्ह्यातली १.८ किलोमीटरची खासगी कोळसा साइडिंग, मीटरला ५२ किलो वजनाचे ८८० ग्रेडचे (किमान ८८० मेगापास्कल ताणशक्तीचे) रूळ, १३ मीटरचा एकेक तुकडा फिशप्लेटने, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेल्या पट्ट्यांनी, जोडलेला. उमरेड, सावनेर, कोराडी, खापरखेडा या पट्ट्यात हिंडणाऱ्याला असं चित्र नवं नाही. मालकाचं नाव घ्यायचं कारण नाही. आकडे या मापाच्या कुठल्याही साइडिंगला लावून पाहता येतील. प्रश्न बोल्टच्या भोकांतल्या चिरांचा; उपाय सांधे कमी करण्याचा, आणि उरलेली भोकं कोल्ड एक्स्पान्शनने, म्हणजे न तापवता ताणून, टिकाऊ करण्याचा.

तक्रार नेहमीचीच. अल्ट्रासॉनिक तपासणीत ३७ अंशांत ध्वनिलहरी सोडणाऱ्या प्रोबने भोकांपाशी इशारे दिले. फिशप्लेटी उघडून वेबवरचा, म्हणजे रुळाच्या मधल्या उभ्या भागावरचा, गंज घासला, चिरा दाखवणारा रंग (डाय) लावला, तेव्हा भोकाच्या कडेपासून तिरक्या निघालेल्या बारीक चिरा उमटल्या. एका भोकाला दोन, काहींना चार. रेल्वेत याला स्टार क्रॅक म्हणतात आणि खरंच ती चांदणीसारखी दिसते. सगळ्यात जास्त चिरा वजनकाट्याच्या अलीकडच्या सांध्यांवर होत्या, जिथे भरलेली मालगाडी रेंगाळत, ब्रेक लावत जाते.

चीर तिरकी का, हे समजल्याशिवाय पुढचं काम आंधळं होतं. फिशबोल्टची भोकं रुळाच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. तिथे वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य, पण कर्तन ताण, म्हणजे धातूचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, सर्वाधिक. भरलेल्या डब्याचा अॅक्सल २२ टनांच्या पुढे, म्हणजे एका चाकाखाली सुमारे ११ टन, ११० किलोन्यूटन. ५२ किलोच्या रुळाची उंची १५६ मिमी आणि वेबची जाडी १५.५ मिमी. ढोबळ भागाकार केला तर कर्तन ताण ४५ मेगापास्कल निघतो. शुद्ध कर्तनात गोल भोकाच्या कडेला त्याच्या चौपट ताण येतो, म्हणजे १८०. तोही ४५ अंशांच्या चार जागी: समोरासमोरच्या दोन जागी ओढ, उरलेल्या दोन जागी दाब. चाक सांधा ओलांडताना कर्तनाची दिशा पालटते आणि जागांची अदलाबदल होते. चारही जागा आळीपाळीने ओढल्या जातात, म्हणून चार टोकांची चांदणी.

हे १८० स्थिर वजनाचे. सांधा खचलेला असेल, चाक वरून आपटत असेल, तर तो आकडा सहज दुप्पट होतो: ३६०. ८८० ग्रेडच्या रुळाचा यील्ड, म्हणजे ज्यापुढे धातू कायमचा वाकतो तो ताण, ४६० मेगापास्कलपासून पुढे असतो, त्यामुळे एका फटक्यात काही मोडत नाही. पण ५८ डब्यांच्या एका रेकमध्ये २३२ अॅक्सल. दिवसाला दोन भरलेले रेक, वर्षाला ३०० दिवस धरले तर भोकाची प्रत्येक कड वर्षाला सुमारे १,४०,००० वेळा ताणली जाते. धातूचा थकवा नेमका इथे काम करतो.

त्यात नागपूरचं हवामान आणि जमीन. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की उन्हातला रूळ ६० ओलांडतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तोच रूळ १० अंशांच्या आसपास. ५० अंशांच्या फरकाला १३ मीटरचा मोकळा रूळ ७.५ मिमी आखडतो. सांधा नीट सरकत असेल तर फट रुंदावते आणि प्रश्न मिटतो. गंजून धरलेला असेल, किंवा फट बोल्टच्या ढिलाईपेक्षा जास्त मागत असेल, तर बोल्टची दांडी भोकाच्या कडेवर टेकते आणि रूळ बोल्टला ओढतो. दुसरं म्हणजे खालची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, खडीत वर येते, सांध्याखालच्या स्लीपरला पाण्यात नाचवते. ज्या सांध्याशी खडीतून चिखल उसळलेला दिसतो, तिथल्या भोकात चीर शोधायला फार वेळ लागत नाही.

पहिला प्रश्न असा की भोक हवंच कशाला? १.८ किलोमीटरला १३ मीटरचे रूळ म्हणजे दोन्ही बाजू मिळून २७६ सांधे, ११०४ भोकं. त्यातल्या बहुतेकांची गरज नव्हती. तीन-तीन रूळ थर्मिटने (वितळलेलं पोलाद ओतून केलेल्या वेल्डने) जोडून ३९ मीटरचे पॅनेल केले की सांधे उरतात ९२ आणि भोकं ३६८. वेल्डिंगआधी जुन्या भोकांसकट रुळांची टोकं कापून टाकायची, म्हणजे चिरा असलेली भोकंही त्यातच जातात. लांबी भरून काढायला काही रूळ नवे आणावे लागतात. ज्या साइडिंगला एवढाच खर्च झेपतो, तिने इथे थांबलं तरी हरकत नाही.

पण उरलेल्या ९२ सांध्यांचं ओझं या बदलाने वाढतं, आणि कोल्ड एक्स्पान्शनचा विचार सुरू होतो तो याच कारणाने. ३९ मीटरचं पॅनेल ५० अंशांना मोकळेपणी २२ मिमी आखडलं असतं. स्लीपर आणि खडी त्यातला बराच भाग अडवतात, तरी थंडीतली बोल्टवरची ओढ १३ मीटरच्या रुळापेक्षा जास्तच. सांधे तिसऱ्या हिश्श्यावर आले, पण प्रत्येक भोक आधीपेक्षा जास्त सोसणार. भोकं नव्याने पाडायचीच आहेत, तर ती नीट तयार करून बसवावीत असा निर्णय झाला.

कोल्ड एक्स्पान्शन म्हणजे न तापवता भोक जबरदस्तीने मोठं करणं. भोकात उभी चीर असलेली पातळ पोलादी नळी, म्हणजे स्प्लिट स्लीव्ह, बसवायची आणि तिच्यातून किंचित निमुळता कठीण पोलादी दांडा, म्हणजे मँड्रेल, हायड्रॉलिक पुलरने ओढून काढायचा. त्यासाठी मँड्रेलचा जाड भाग आधी मोकळ्या भोकातून पलीकडे न्यावा लागतो. भोकाभोवतालचं कडं यील्डच्या पलीकडे ताणलं जातं आणि कायमचं मोठं होतं. त्याबाहेरचा धातू मात्र नुसता लवचिकपणे ताणलेला असतो. मँड्रेल निघून गेला की तो परत आकसू पाहतो, पण आतलं मोठं झालेलं कडं वाटेत येतं, आणि त्या कड्यावर कायमचा दाब बसतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना जे होतं, तेच इथे एकाच धातूच्या दोन थरांत होतं. दाबाचा पट्टा भोकाच्या कडेपासून साधारण त्रिज्येइतका खोल जातो, म्हणजे इथे १३ मिमीच्या आसपास. त्यापलीकडे त्याला तोलणारी हलकी ओढ असते.

विमानांच्या सांगाड्यातल्या रिव्हेट-बोल्टच्या भोकांसाठी ही पद्धत १९७०च्या दशकापासून रुळलेली आहे. नागपूरच्या मिहानमधल्या विमानदुरुस्तीवाल्याला स्लीव्ह आणि मँड्रेल हे शब्द नवे वाटायचे नाहीत. रुळाच्या भोकांवरही ती परदेशात वापरली गेली आहे. आपल्याकडे भोकाच्या कडा चॅम्फर करायची, म्हणजे तिरक्या कापायची, जी पद्धत आहे, तिचा हेतू याच्या जवळचा: कड थोडी दाबून कठीण करायची आणि चांदणी लांबवायची. फरक खोलीचा. चॅम्फर करताना काम कडेच्या पातळ थरावर होतं. मँड्रेल वेबच्या पूर्ण १५.५ मिमी जाडीतून जातो.

फायदा कुठून येतो ते आकड्यांत पाहू. खचलेल्या सांध्यावर कडेचा ताण ओढीच्या फेऱ्यात शून्य ते ३६० हिंदकळतो. कडेवर ३५० मेगापास्कलचा दाब साठवलेला असेल तर तोच हिंदोळा उणे ३५० ते अधिक १० होतो. पल्ला तेवढाच राहिला, पण जवळजवळ सगळा दाबाच्या बाजूला गेला. दाबाखाली चीर उघडत नाही, आणि न उघडणारी चीर पुढे सरकायला फार वेळ घेते. प्रयोगशाळांतले निकाल आयुष्य तीनपटीपासून दहापटीपर्यंत वाढल्याचे आहेत. साइडिंगवर खालच्या आकड्यावर हिशेब करावा.

आता मापं. या कामाचं सगळं यश एका दशांश मिलिमीटरात आहे, म्हणून इथे घाई नको.

तयार भोक हवं २६.५ मिमी, कारण बोल्ट २५ मिमीचा आणि प्रचलित भोक तेवढंच. तिथून मागे हिशेब केला. सुरुवातीचं भोक २५.४० मिमी, मँड्रेलचा सर्वांत मोठा व्यास २५.३५, स्लीव्हची जाडी ०.५५. मँड्रेल अधिक दोन्ही बाजूंची स्लीव्ह मिळून २६.४५. त्यातून २५.४० वजा केले की १.०५, भागिले २५.४०, म्हणजे ४.१ टक्के विस्तार. पोलादासाठी ४ ते ५ टक्क्यांचा पट्टा चांगला. मँड्रेल निघाल्यावर भोक सुमारे ०.११ मिमी परत आकसतं आणि २६.३४ च्या आसपास थांबतं. मग रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, २६.५० करायचं. एका बाजूने जेमतेम ०.०८ मिमी धातू निघतो आणि स्लीव्हच्या फटीमुळे भोकात उमटलेला बारीक कंगोराही त्यातच जातो. रीमरने याहून बरंच जास्त काढलं तर सर्वाधिक दाबलेला थरच कचऱ्यात जातो.

सुरुवातीचं भोक २५.६० झालं तर विस्तार ३.३ टक्क्यांवर घसरतो. मँड्रेल झिजून २५.२५ झाला तर ३.७. ही दोन्ही एकाच भोकात झाली तर २.९ उरतात, आणि डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही: मँड्रेल ओढला गेला, आवाज झाला, भोक चकचकीत. उलट भोक २५.३० सारखं लहान राहिलं तर २५.३५ चा मँड्रेल त्यातून पलीकडे जाणारच नाही. लहान भोकाची चूक आपोआप पकडली जाते, मोठ्याची नाही. म्हणून भोक तपासायचे गेज दोन हवेत, एक भोकात जाणारा आणि एक न जाणारा, आणि त्यातला ‘न जाणारा’ जास्त महत्त्वाचा.

ओढायला किती जोर? भोकाच्या भिंतीवर ७०० मेगापास्कलच्या आसपास दाब, घर्षण ०.१, वर मँड्रेलचा उतार, असं धरून गणित १० ते १२ टनांवर येतं. म्हणून २० टनांचा पोकळ रॅमचा पुलर आणि हातपंप घेतला. दाबमापक हवाच. एखाद्या भोकाला सुई नेहमीपेक्षा बरीच वर गेली तर स्लीव्हचं वंगण गेलेलं आहे. बरीच खाली राहिली तर भोक मोठं आहे किंवा मँड्रेल झिजला आहे. मापं घेण्याआधी एवढं ती सुई सांगते.

सामानात ३६८ भोकांसाठी ४१० स्लीव्ह, चार मँड्रेल, पुलर, रुळाला क्लॅम्प होणारं ड्रिल मशीन, दोन मापांचे रीमर, चॅम्फर कटर आणि गेज. स्लीव्ह एकदाच वापरायची. आतून लावलेलं कोरडं वंगण एका ओढीत संपतं आणि नळी स्वतःही ताणली जाते. ‘अजून चांगली दिसतेय’ म्हणून परत वापरलेली स्लीव्ह मँड्रेलला चिकटते, आणि मग पुलर, मँड्रेल, स्लीव्ह व रूळ असं एकच वजन हातात उरतं. कोळशाच्या धुळीत उघड्या ठेवलेल्या स्लीव्हही तशाच वागतात. डबा बंद ठेवावा, एका वेळी एक काढावी, तेलाच्या फडक्याने पुसू नये.

कामाचा क्रम असा. रुळाचं टोक करवतीने चौकोनात कापलेलं हवं. गॅस कटरने कापलेलं टोक किंवा गॅसने पाडलेलं भोक असेल तर पुढचं काहीच करू नये, ०.६ ते ०.८ टक्के कार्बनचं हे पोलाद जळून झपाट्याने थंड झालं की ठिसूळ काचेसारखा थर तयार होतो, आणि तो ताणला की तिथल्या तिथे तडकतो. पहिल्या भोकाचा मध्य टोकापासून ८० मिमीच्या आसपास येतो. कडेपासून दोन व्यास, म्हणजे ५३ मिमी, ही किमान अट आरामात पाळली जाते.

ड्रिल २५.० मिमीचं, भरपूर कूलंटसह. बोथट ड्रिल कुंथत गेलं आणि भोकाची भिंत निळसर दिसली तर तो भाग बाद. मग रीमर २५.४०. क्लॅम्प ढिला असेल तर भोक लंबगोल होतं आणि एका दिशेला विस्तार कमी बसतो, म्हणून गेज दोन दिशांनी फिरवून पाहायचं. कडेची बर (ड्रिलने उरलेला धारदार पापुद्रा) काढायची, पण चॅम्फर आत्ता नाही. चॅम्फर आधी केला तर कडेला स्लीव्हचा टेका जातो आणि तिथेच विस्तार अपुरा राहतो.

आता नीट पाहायची वेळ. जुना रूळ असेल तर विस्ताराआधीच डायने तपासायचं, कारण नंतर दाबाखाली मिटलेली चीर डायला दिसत नाही आणि अल्ट्रासॉनिकलाही कमी आवाज देते. चीर सापडली तर टोक कापायचं. मँड्रेल चीर बुजवत नाही, फार तर लपवतो.

स्लीव्हची फट कुठे ठेवायची यावर साइटवर हमखास वाद होतो. फटीच्या रेषेत दाब थोडा कमी बसतो, म्हणून ती जिथे ताण कमी तिथे हवी. ४५ अंशांच्या चार जागा बाद. उरल्या आडव्या आणि उभ्या. थंडीत रूळ लांबीत ओढला जातो तेव्हा भोकाच्या वरखालच्या कडा ताणल्या जातात, म्हणून उभ्या बाद. थंडीत बोल्ट भोकाच्या ज्या बाजूला टेकतो ती रुळाच्या टोकाकडची बाजू, तीही बाद. म्हणून फट आडवी, टोकाच्या विरुद्ध दिशेला. प्रत्येक स्लीव्हच्या कडेला रंगाचा ठिपका लावून ठेवला की मजुराला अंश मोजावे लागत नाहीत. ठिपका रुळाच्या मध्याकडे, एवढंच सांगायचं.

पुलरचं तोंड वेबला काटकोनात आणि पूर्ण टेकलेलं हवं. इथे एक बारीक अडथळा आहे: रुळाच्या वेबवर एका बाजूला कारखान्याची उठावदार अक्षरं असतात. ती नेमकी भोकापाशी आली तर पुलर तिरका बसतो आणि मँड्रेल वाकतो. अक्षरं घासत बसण्यापेक्षा पुलर दुसऱ्या बाजूने लावावा. ज्या बाजूने मँड्रेलचा जाड भाग आत शिरतो तिथे दाब किंचित कमी बसतो, म्हणून बाजू नोंदवहीत लिहावी. पुढेमागे चीर निघालीच तर आधी तिकडे पाहायचं. ओढताना मँड्रेलच्या रेषेत कोणी उभं राहू नये. कठीण पोलाद तुटतं तेव्हा आधी सांगून तुटत नाही.

ओढ झाल्यावर स्लीव्ह काढायची आणि भोक मोजायचं: २६.३० ते २६.४० च्या आत हवं. २६.२५ च्या खाली असेल तर विस्तार बसलेला नाही. तोच मँड्रेल नव्या स्लीव्हने परत ओढला तर फारसं काही घडत नाही. भोक आधीच वाढलेलं असतं. ते रीम करून साधं भोक म्हणून वापरायचं आणि वेबवर रंगाने खूण करायची. जी भोकं बसली, ती २६.५० ला रीम करून दोन्ही कडांना १.५ मिमीचा ४५ अंशांचा चॅम्फर. कडेभोवती धातू किंचित वर आलेला दिसेल. फिशप्लेट वेबला टेकत नाही, रुळाच्या माथ्याखाली आणि पायावर टेकते, त्यामुळे त्या उंचवट्याने जोडणीत अडचण येत नाही.

सुरुवातीची सहा भोकं कापून टाकलेल्या टोकांच्या निरोगी भागावर करून पाहायची. तुकडे फुकट मिळालेले असतात, धातू तोच असतो. प्रत्येक ५० भोकांनंतर मँड्रेल मायक्रोमीटरने मोजायचा आणि २५.३० च्या खाली गेला की बाजूला ठेवायचा. तीन तासांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून मिळालेल्या वेळात, चार सांधे, म्हणजे १६ भोकं, हा वेग धरला तर ९२ सांध्यांना २३ ब्लॉक लागतात. उन्हाळ्यात काम पहाटे. भोकाच्या मापावर उष्णतेचा परिणाम नगण्य आहे: ३० अंशांनी २६.५ मिमीचं भोक ०.०१ मिमीसुद्धा वाढत नाही. पण दुपारच्या रुळावर हात टेकवत नाही, आणि चटका टाळत घेतलेलं माप हे माप नसतं.

जुनी, न कापलेली २६.५ ची भोकं जागेवरच विस्तारावीत का, हाही प्रश्न आला. ती आधी थकलेली असतात, म्हणून आधी अर्धा मिमी रीम करून तो थर काढायला हवा. सुरुवात २७.० वरून, शेवट २८ च्या पुढे. २५ च्या बोल्टला तीन मिमीची ढिलाई झाली की सांध्याची फट ताब्यात राहत नाही, शिवाय मँड्रेल-स्लीव्हचा दुसरा संच लागतो. तो बेत सोडला.

वेल्डिंग आणि विस्तार यांचा क्रमही जपायचा. आधी सगळी थर्मिट वेल्डिंग आटोपायची, मग पॅनेलच्या टोकांना भोकं. विस्तारलेल्या भोकाजवळ नंतर कोणी माथ्यावर वेल्ड भरलं किंवा अडकलेली नट गॅसने तापवली, तर साठवलेला दाब उष्णतेने निघून जातो आणि वरून काहीच दिसत नाही. अडकलेला बोल्ट करवतीने कापावा, टॉर्च त्या सांध्याजवळ नेऊ नये.

आणि स्लीपरची पॅकिंग, म्हणजे त्याखालची खडी ठोकून बसवणं. खचलेला सांधा ताण दुप्पट करतो हे वर आलंच. पण तो साठवलेला दाबही खातो. भोकाच्या ज्या दोन जागी त्या क्षणी दाब असतो, तिथे उणे ३५० वर आणखी उणे ३६० पडले तर बेरीज उणे ७१० होते, यील्डच्या बरीच पलीकडे. धातू दाबाच्या दिशेने सरकतो आणि साठा आटतो. उलट फेरा प्रत्यक्षात काहीसा लहान असतो, कारण फिशप्लेट भार वाटून घेते, पण चिखलात नाचणाऱ्या सांध्याला त्यावर विसंबता येत नाही. म्हणून वजनकाट्याजवळच्या सांध्यांखाली आधी काळी माती खोदून खडी बदलली, पाण्याला वाट काढून दिली, झिजलेल्या फिशप्लेटी काढल्या, आणि मगच तिथे मँड्रेल नेला. पैशांची ओढाताण असेल तर हेच काम पहिलं.

देखभालीत फार काही वाढत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान फिशप्लेटी उघडून ग्रॅफाइट-रॉकेलचा लेप, बोल्टला तेल. बोल्ट इतके आवळायचे नाहीत की सांधा सरकणंच बंद होईल. ३७ अंशांच्या प्रोबची तपासणी पूर्वीच्याच अंतराने चालू ठेवायची. भोकं सुधारली म्हणून ती विरळ करायची नाही, कारण मिटलेली चीर उशिरा बोलते. नोंदवहीत प्रत्येक भोकापुढे चार आकडे: सुरुवातीचा व्यास, ओढताना सुईचा दाब, विस्तारानंतरचा व्यास, मँड्रेलचा क्रमांक. शिवाय जानेवारीतल्या एका थंड पहाटे ९२ही सांध्यांची फट मोजून ठेवायची. ज्या सांध्यात फट शेजाऱ्यांपेक्षा बरीच कमी उघडलेली असेल, तो गंजाने धरलेला असू शकतो. त्या दिवशी लेपाचा डबा आधी तिथे जातो.